गंजातून वाचलेली झेड

१९६९च्या ऑक्टोबरात निसान कंपनीने एक लांब नाकाची, दोन माणसांची गाडी जगापुढे आणली. बॉनेटखाली २,३९३ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. ताकद १५१ अश्वशक्ती. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. अमेरिकेतली किंमत ३,५२६ डॉलर. एवढा ऐवज देणाऱ्या युरोपीय गाडीला तेव्हा दीडपट, कधी दुप्पट पैसे मोजावे लागत. जपानात ती फेअरलेडी झेड म्हणून विकली गेली, अमेरिकेत डॅटसन २४० झेड म्हणून. १९७८पर्यंत, २६० आणि २८० ही तिची धाकटी भावंडं धरून, या पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या कारखान्याबाहेर पडल्या.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यातल्या कितीतरी गंजून भंगारात गेल्या. कंपनीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, तिचं लक्ष नव्या मॉडेलवर होतं. जुन्या स्पोर्ट्स कार जपण्याचा जो वारसा आज जपानी कंपन्या अभिमानाने मिरवतात, तो ग्राहकांच्या घरांत तयार झाला. या गाड्या कारखान्यांनी घडवल्या आणि घरांनी वाचवल्या. त्या घरगुती कारागिरीचा इतिहास झेडइतका स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच जपानी गाडीत दिसत नाही.

गाडीवरचं कारखान्याबाहेरचं पहिलं काम तर कंपनीच्याच माणसाने केलं. युताका काटायामा हे १९६०पासून अमेरिकेत निसानच्या डॅटसन गाड्या विकत होते आणि पुढे निसानच्या अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष झाले. ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक पाहून भारावलेले निसानचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांनी कंपनीच्या स्पोर्ट्स कारला फेअरलेडी हे नाव दिलं होतं. अमेरिकेत या नावाची दणकट गाडी कुणी विकत घेणार नाही, हे काटायामांना पक्कं ठाऊक होतं. आलेल्या गाड्यांवरच्या नावाच्या पट्ट्या उतरवून त्यांनी त्या जागी ‘२४० झेड’ हा कंपनीचा आतला संकेतांक बसवला. मुख्यालयाची परवानगी मागत बसले असते, तर हे नाव इतिहासात आलंच नसतं.

झेड लोकप्रिय झाली त्यामागे शर्यतींचा मोठा वाटा होता. पीटर ब्रॉक यांच्या संघाकडून जॉन मॉर्टन यांनी १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतली सी-प्रॉडक्शन गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. दुसरीकडे पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत, लाल माती, दगड आणि चिखलातून हजारो किलोमीटर धावत, झेडने १९७१ आणि १९७३ ही वर्षं गाजवली. १९७३चा विजेता शेखर मेहता हा युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाच्या कुटुंबातला तरुण. आदल्याच वर्षी इदी अमीनने तिथल्या आशियाई कुटुंबांना देशाबाहेर काढलं होतं. त्या रॅलीच्या शेवटी मेहता आणि दुसऱ्या एका डॅटसनमधले हॅरी शेलस्ट्रॉम यांचे गुण सारखेच झाले आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने मेहता जिंकले. पुढे त्यांनी हीच रॅली आणखी चार वेळा जिंकली. क्रिकेटच्या आकडेवारीत रमणाऱ्या आपल्या देशात हे नाव इतकं अपरिचित राहावं, याची खंत वाटते.

शर्यतींचा घरच्या मेकॅनिकला थेट फायदा झाला. डॅटसनचा स्पर्धा विभाग शर्यतीचे सुटे भाग साध्या ग्राहकालाही विकत असे. कॅमशाफ्ट, स्प्रिंगा, क्लच, ब्रेक, सगळं कॅटलॉगमधून मागवता येई. गाडी उघडायची, समजून घ्यायची आणि सुधारायची, ही सवय तिथून लागली.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झेड दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेली आणि स्वस्त झाली. हा मालक बहुधा विद्यार्थी किंवा नुकता नोकरीला लागलेला तरुण. वर्कशॉपचं बिल त्याला परवडत नव्हतं, पण अमेरिकी उपनगरातल्या घराला लागून गॅरेज होतं आणि शनिवार-रविवार मोकळे होते. हाताशी पुस्तकंही आली. जॉन हेन्स या इंग्रज माणसाने १९६६ साली पहिलं हेन्स मॅन्युअल काढलं. प्रत्यक्ष गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो छापायचे, ही त्याची पद्धत. डॅटसन झेडचंही हेन्स मॅन्युअल निघालं. मग टॉम मनरो यांचं या इंजिनाच्या पुनर्बांधणीवरचं पुस्तक आलं, विक हम्बल यांचं खास झेडच्या जीर्णोद्धारावरचं पुस्तक आलं. तेलकट बोटांनी उलटून उलटून या पुस्तकांची पानं काळी पडत.

खुद्द जपानात परिस्थिती उलटी होती. १९६२च्या कायद्याने गाडी ठेवायला स्वतःची जागा असल्याचा दाखला देणं शहरांत बंधनकारक झालं. जागा मिळायची ती गाडीपुरतीच, तिथे दरवाजा पूर्ण उघडायची मारामार. त्यात ‘शाकेन’ ही सक्तीची, खर्चीक तपासणी. दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी करावी लागे, आणि हा नियम १९९५पर्यंत टिकला. दर वर्षी तपासणीवर खर्च करण्यापेक्षा जुनी गाडी काढून नवी घेणं लोकांना सोपं वाटे. आपल्याच मायदेशात झेड दुर्मिळ झाली ती यामुळे. जपानी छांदिष्टांनीही गाड्या सांभाळल्या, ‘नोस्टॅल्जिक हीरो’सारखं फक्त जुन्या देशी गाड्यांना वाहिलेलं मासिक ऐंशीच्या दशकात तिथे उभं राहिलं. तरी तिथलं बरंचसं काम छोट्या, निष्णात वर्कशॉपांकडे गेलं. घरच्या गॅरेजातली परंपरा वाढली ती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये.

झेड दुरुस्त करणाऱ्याची खरी लढाई इंजिनाशी नसते, पत्र्याशी असते. या गाडीला वेगळी चासी नाही, घडी घालून जोडलेल्या पत्र्यांची बॉडी हीच चासी. पत्रा पातळ, आणि जोडांच्या आतल्या पोकळ्यांना कारखान्यात गंजरोधक संरक्षण जवळपास नव्हतंच. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत झाडाची पानं साचतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी आतल्या बाजूने खांबांमध्ये उतरतं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरमागच्या खाचेत बसून ओल धरतो. बॅटरीखालचा ट्रे आम्लाने खाल्ला जातो आणि त्याच्या खालचा आधारही. मागच्या चाकाच्या कमानी, दरवाज्याखालचे पोकळ पट्टे, स्टेपनीचा खड्डा, फरशी, एकही जागा सुटत नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या गाड्या तर काही वर्षांतच आतून पोखरल्या गेल्या.

त्यामुळे जुनी झेड विकत घ्यायला जाणारा माणूस रंगाकडे बघत नाही. तो गालिचा उचलतो आणि पेचकसाचं टोक फरशीवर दाबून बघतो. टोक आत गेलं की किंमत उतरते. कॅलिफोर्नियातली गाडी मिळाली तर पत्रा चांगला असण्याची शक्यता जास्त, पण तिथल्या उन्हाने डॅशबोर्डचं व्हिनाइल ठिकठिकाणी फुटलेलं असतं. अखंड डॅशबोर्डची झेड मिळणं हे भाग्याचं मानलं जातं, आणि ते योग्यच आहे. आतला फोम आणि वरचं आवरण पुन्हा मूळच्या घाटात आणणं हे या गाडीतल्या सगळ्यात कटकटीच्या कामांपैकी एक आहे.

घरच्या घरी पत्राकाम शक्य झालं ते घरगुती विजेवर चालणारी छोटी मिग वेल्डिंग यंत्रं आवाक्यात आल्यावर. तरी कामाचा क्रम चुकला की गाडी कायमची वाकडी. दरवाज्यांच्या चौकटीत आधी लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून बॉडी आवळायची, मगच कुजलेला भाग कापायचा, नाहीतर फरशी निघताच सांगाडा बसतो आणि नंतर दरवाजे लागत नाहीत. कारखान्याचे स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून काढायचे. नव्या पत्र्याला त्याच अंतरावर भोकं पाडायची आणि ती वेल्डने भरायची, म्हणजे जोड मूळच्यासारखा दिसतो. तयार पत्रे सुरुवातीला मिळतच नसत. पुठ्ठ्याचा नमुना कापून, पत्रा ठोकून, वाकवून लोक स्वतः तुकडे घडवत. पुढे त्यांच्यातल्याच काही हुशार हातांनी फरशीचे आणि पट्ट्यांचे तयार भाग बनवून विकायला सुरुवात केली. आज टपालाने अख्खी फरशी मागवता येते, त्या धंद्याचं मूळ या पुठ्ठ्यांच्या नमुन्यांत आहे.

दुसरा शत्रू आकाराने अगदी छोटा: फुलीच्या खाचेचा स्क्रू. जपानी मानकाच्या स्क्रूची खाच पाश्चात्त्य फिलिप्स स्क्रूसारखीच दिसते, पण तिच्या कोनांत आणि खोलीत किंचित फरक असतो. फिलिप्सचा पेचकस पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. कार्बोरेटरच्या झाकणाचे आणि दरवाज्याच्या कुलपाचे असे कितीतरी स्क्रू पहिल्याच प्रयत्नात बाद झाले. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी, ही खूण हळूहळू सर्वांना कळली आणि जपानी टोकाचे पेचकस मागवले जाऊ लागले. महाराष्ट्रात ज्यांनी यामाहा आरएक्स १००च्या इंजिनाचं कव्हर उघडलं आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर गल्लीतल्या मेकॅनिककडे असतो, तो याच जातीच्या स्क्रूंसाठी.

इंजिनाच्या बाबतीत मात्र झेड मोठ्या मनाची निघाली. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारी लांब टायमिंग चेन. बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. हेड उतरवताना एक खबरदारी घ्यावीच लागते: चेनच्या दोन बाजूंमध्ये लाकडी पाचर ठोकायची. ती नसेल तर चेन ढिली पडते, ताण देणारा टेन्शनर बाहेर निघतो आणि तो परत बसवण्यासाठी इंजिनाचं पुढचं अख्खं कव्हर उतरवावं लागतं. ही पाचर प्रत्येकाने आपापल्या गॅरेजात लाकडाच्या तुकड्यातून कापून काढली, तारेत अडकवली आणि काम झाल्यावर शेजारच्या झेडवाल्याला दिली.

कार्बोरेटरची कहाणी भारताशी नातं सांगते. २४० झेडवर हिताचीने बनवलेले दोन कार्बोरेटर असत, ब्रिटिश एसयू जातीचे. निसानची ब्रिटिश तंत्राशी ओळख जुनी. १९५२च्या कराराने निसानने जपानात ऑस्टिन गाड्या बनवल्या. त्यांतल्या ए५०चं १,४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसडरचं इंजिन एकाच घराण्यातलं. ॲम्बॅसडरवर एसयू कार्बोरेटर जुळवलेला जुना मेकॅनिक झेडचं बॉनेट उघडून गोंधळणार नाही. वरच्या डब्यात वरखाली होणारा पिस्टन, त्याला धक्के शोषणारं पातळ तेल, खाली निमुळती सुई, सगळं ओळखीचं. इथे ते दोन असतात एवढंच, आणि दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. लोक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींची शीळ ऐकत आणि सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत. १९७३ सालच्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांसाठी चपट्या डोक्याचे नवे कार्बोरेटर लावले गेले. गरम दिवसात त्यांत पेट्रोलची वाफ होई आणि गाडी अडखळे. मालकांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे कार्बोरेटर बसवले. गोल डोक्याचे कार्बोरेटर भंगारवाल्याकडे दिसले की हातोहात उचलले जात.

भंगारवाला हा या इतिहासातला महत्त्वाचा माणूस आहे. निसानच्या एल मालिकेतल्या इंजिनांचे भाग एकमेकांत बसतात. अपघातात चेपलेल्या २८० झेडएक्सचं २,७५३ सीसीचं इंजिन २४०च्या नाकात सहज मावतं. याहून मोठी करामत पुढची. निसानने मॅक्झिमा गाडीत एलडी२८ नावाचं डिझेल इंजिन दिलं होतं, त्याच्या क्रँकशाफ्टचा स्ट्रोक ८३ मिलिमीटर. हा क्रँक पेट्रोलच्या ब्लॉकमध्ये बसतो. त्याला २४०चे लांब कनेक्टिंग रॉड जोडायचे, सिलिंडर ८९ मिलिमीटरपर्यंत बोअर करायचे, की ३.१ लिटरचं इंजिन तयार. कंपनीने असं इंजिन कधी विकलं नाही. कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठे बसतो, हे घरोघरच्या माणसांनी व्हर्नियर घेऊन मोजून काढलं. एखाद्या संशोधन विभागाला शोभेल असं हे काम आहे, आणि त्याला तेवढाच मान मिळायला हवा.

कायद्यानेही हातभार लावला. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. त्यामुळे इंजिन बदललेली २४० झेड तिथे रस्त्यावर राहू शकली.

१९९६ साली ३०० झेडएक्सची अमेरिकेतली विक्री थांबली आणि तिथल्या दुकानांत विकायला झेडच उरली नाही. तेव्हा निसानने एक अनपेक्षित पाऊल उचललं. कंपनीने जुन्या २४० झेड विकत घेतल्या, झेडच्या दुरुस्तीवरच उभ्या राहिलेल्या स्वतंत्र वर्कशॉपांकडून त्या नव्यासारख्या करून घेतल्या आणि डीलरांमार्फत साधारण २५ हजार डॉलरला विकल्या. पन्नासाहूनही कमी गाड्या झाल्या आणि योजना बंद पडली. व्यापार म्हणून ती फसली. पण आपली जुनी गाडी नीट बांधायची तर कंपनीला बाहेरच्या हातांकडे जावं लागलं, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. काटायामांनाही या पुनरुज्जीवनात पुन्हा मान मिळाला. १९९८ साली अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं. २०१५ साली, १०५ वर्षांचे असताना, ते गेले.

निसानच्या आतही हा छंद पोचला. आत्सुगीच्या तांत्रिक केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी २००६ साली जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारं मंडळ काढलं. कामाचे तास संपल्यावर, स्वेच्छेने, हे अभियंते कंपनीच्या संग्रहातल्या गाड्या खोलतात. सफारी गाजवलेली २४० झेड याच हातांखालून गेली.

झेडची वाट सगळ्याच गाड्यांना लागू पडली नाही. टोयोटा २०००जीटी यामाहाच्या मदतीने बनली, तीही ३३७ इतकीच. २०१३च्या लिलावात तिच्यातली एक दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. अशी गाडी घरच्या गॅरेजात कुणी कापत नाही. माझ्दाच्या आरएक्स-७ची अडचण निराळी. तिचं रोटरी इंजिन लहान आणि हलकं, आत फिरणारे भाग मोजके, त्यामुळे टेबलावर ठेवून खोलता येतं. पण सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालायची सोय इथे नाही. रोटरच्या टोकांवरचे सील ज्या भिंतीवर घासतात, तिचा क्रोमचा थर सुटला की अख्खं हाउसिंग बदलावं लागतं. हाउसिंगचा नवा साठा संपत जातो तशी घरच्या माणसाची वाट अरुंद होते.

दरम्यान, जुन्या जपानी गाड्यांचे भाव चढले. लाँग बीचला २००५पासून खास जपानी जुन्या गाड्यांचं वार्षिक प्रदर्शन भरू लागलं. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी सुरक्षा नियमांच्या अटींशिवाय आयात करता येते, म्हणून १९८९ची स्कायलाइन जीटी-आर २०१४पासून तिथे कायदेशीरपणे उतरली. जानेवारी २०२०मध्ये फार थोडी चाललेली, मूळ अवस्थेतली एक २४० झेड लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या दारावर हवेच्या जाळ्या होत्या, नंतर त्या बाजूच्या खांबावर गेल्या. असले बारकावे घरच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदून ठेवले होते, आता त्यांवर गाडीची किंमत ठरू लागली.

मग कारखाने मागे वळले. २०१७ साली निसानने याच स्कायलाइन जीटी-आरचे (आर३२) बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. त्याच वर्षी माझ्दाने पहिल्या पिढीच्या रोडस्टर या आपल्या स्पोर्ट्स कारच्या जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली. त्यासाठी ब्रिजस्टोनने मूळ मापाचे आणि मूळ नक्षीचे टायर पुन्हा घडवले, लाकडी नार्डी स्टिअरिंगही पुन्हा बनलं. सुटे भाग वेगळे विकत घेऊन काम स्वतः करण्याची मुभा माझ्दाने ठेवली, हा या योजनेतला सगळ्यात शहाणा निर्णय. २०२०पासून टोयोटा आपल्या सुप्राचे आणि २०००जीटीच्या गिअरबॉक्सचे भाग नव्याने बनवू लागली आणि कुठले भाग हवेत हे मालकांनाच विचारू लागली.

घरच्या गॅरेजातलं काम मात्र त्याने संपलेलं नाही, त्याचं स्वरूप बदललं आहे. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं इंजिन संगणकाच्या डब्याकडून चालतं. त्या डब्यातल्या सर्किटवरचे कपॅसिटर म्हातारे होऊन गळतात, आतलं द्रव तांब्याच्या बारीक रेषा खातं आणि गाडी विनाकारण बंद पडू लागते. पत्र्याचा गंज बोटाला लागतो. हा गंज भिंगाखालीच दिसतो. झेडसाठी वेल्डिंग शिकलेल्यांच्या पुढची पिढी आता बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन हे डबे उघडते आहे. जुने कपॅसिटर उपटून नवे बसवते, तुटलेल्या रेषांवर केसाएवढी तार जोडते आणि मूळ सर्किटचे नकाशे पुन्हा काढते आहे, कारण कित्येक डब्यांचे नकाशे कंपन्यांनी बाहेर कधी दिलेच नव्हते.